हजर प्रेक्षक: एक

कोळशाची इस्त्री हातात घेऊन नगरपालिकेच्या सभेला येणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. नथ्थूजी टेलर त्यांचं नाव. इस्त्री पितळेची, चांगली पाच शेर वजनाची. सभा चारला सुरू व्हायची. पावणेचार वाजले की नथ्थूजी मशीनवरून उठायचे, गळ्यातली टेप तशीच ठेवून इस्त्री उचलायचे आणि टाउन हॉलच्या दारात येऊन उभे राहायचे. दार सागवानी, जड, आणि आपोआप लागून जाणारं. त्याच्या फटीत ते इस्त्री टेकवून ठेवायचे, दोन पावलं मागे सरकून पाहायचे आणि आत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचे, "दार उघडं हाय ना?"

दार त्यांनीच उघडं ठेवलेलं असायचं. पण उत्तर मिळेपर्यंत ते बसत नसत. शेवटी कंटाळून मीच म्हणायचो, "उघडं आहे, नथ्थूजी. बसा."

मी मूळचा अमरावतीचा. मॅट्रिक झाल्यावर नोकरी मिळाली ती अकोला आणि मूर्तिजापूर यांच्या मधल्या एका गावच्या नगरपालिकेत, सभा-कारकून म्हणून. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. त्या वेळच्या मेंबरांची नातवंडं आता मोठी झाली आहेत आणि अधूनमधून मला रस्त्यात भेटतात. पन्नास सालानंतरची ती वर्षं. आम्ही आधी मध्य प्रदेशात होतो, मग मुंबई राज्यात गेलो, मग महाराष्ट्रात आलो. माझं टेबल, माझी खुर्ची आणि मी जागचे हललो नव्हतो. शिक्के तेवढे बदलत गेले.

सभा लोकांना खुली असते, कोणीही येऊन बसावं, असा कायदा होता. तो मला पाठ होता. अध्यक्षांनाही ठाऊक होता. पण कायदा माहीत असणं आणि त्याप्रमाणे कोणी खरंच येऊन बसणं यात फार अंतर असतं. प्रेक्षकांसाठी म्हणून भिंतीलगत एक लांब बाक होता. मी नोकरीला लागलो तेव्हा त्यावर जुन्या फायली ठेवलेल्या असत. नथ्थूजींनी एक दिवस त्या उचलून माझ्या टेबलावर आणून ठेवल्या आणि म्हणाले, "बाबूजी, हे तुमचं. तो आमचा." त्या दिवसापासून प्रोसिडिंगमध्ये मी एक ओळ जास्तीची लिहू लागलो: हजर प्रेक्षक, एक. ती ओळ बारा वर्षं मी लिहिली.

आमच्याकडचा उन्हाळा ज्यानं पाहिला नाही त्याला त्या उघड्या दाराची किंमत कळायची नाही. अकोल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी चारला बाहेर जी हवा असते तिला हवा म्हणायला जीभ वळत नाही. हॉलच्या खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावलेले, चपराशी त्यांच्यावर पाणी मारून मारून दमलेला, आत जरा कुठे गारवा आलेला, आणि दार मात्र सताड उघडं. त्यातून झळा थेट अध्यक्षांच्या तोंडावर.

अध्यक्ष भाऊसाहेब म्हणजे गावातल्या कापसाच्या मोठ्या जिनिंगचे मालक. मोठं शरीर, मोठं मन आणि ऊन अजिबात न सोसणारी कातडी. ते गयावया करायचे, "नथ्थूजी, दार लावू द्या हो. कोणी काही लपवून नाही राहिलं. ऊन आहे."

"मंग मले तरी कुठं गार लागून राह्यलं, भाऊसायेब? घाम दोघायलेही येते."

हे सगळं अगदी शांतपणे, डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन.

एकदा मेंबरांनी युक्ती केली. सभा टाउन हॉलऐवजी भाऊसाहेबांच्या जिनिंगमध्ये ठेवली. नोटीस नियमाप्रमाणे मी फळ्यावर लावली, पण फळा कुठला, तर कोंडवाड्यामागचा. सगळे मेंबर तिथे गादीवर लोडाला टेकून बसले. चिवडा आला, चहा आला. पहिला विषय मंजूर होतोय तोच दारात नथ्थूजी. हातात इस्त्री. आणि इस्त्रीत निखारे, कारण दुकानातून घाईत तसेच निघाले होते.

चारी बाजूंना सरकीचे आणि कापसाचे ढीग, आणि मध्ये हा माणूस जळती इस्त्री घेऊन उभा. भाऊसाहेब एवढ्या चपळाईनं उठलेले मी त्याआधी आणि त्यानंतर कधी पाहिले नाहीत. "बाहेर! बाहेर चला सगळे!" असं ओरडत ते स्वतः आधी बाहेर पळाले. त्यांच्यामागे सोळा मेंबर, मेंबरांमागे मी आणि माझ्यामागे चिवड्याचं ताट घेऊन चपराशी. शेवटी ती सभा जिनिंगसमोरच्या निंबाखाली झाली. तिथे दार नव्हतंच. येणारेजाणारे गाडीवान बैल थांबवून ऐकत उभे राहिले. नथ्थूजी म्हणाले, "हे बेस झालं."

पुढच्या सभेत ठराव आला की सभास्थानी कोणीही विस्तव आणू नये. ठराव कोणासाठी आहे हे सगळ्यांना माहीत होतं. नथ्थूजींनी बाकावरून फक्त एवढंच म्हटलं, "नावं घेऊन मतं मोजा." नावं घेऊन मोजली. सर्वानुमते मंजूर. नथ्थूजींनी मान डोलावली आणि पुढच्या महिन्यापासून इस्त्री गार करून आणू लागले.

मतं मोजण्याबद्दल त्यांचे काही पक्के नियम होते. हात कानाच्या वर गेला तरच तो हात. "खाली राह्यला त ते डोकं खाजवनं होय." गोपाळशेठ नावाचे एक मेंबर होते, किराण्याचे व्यापारी. कोणालाच दुखवायचं नाही हे त्यांचं धोरण. मताच्या वेळी त्यांचा हात खांद्यापर्यंत यायचा आणि तिथेच घुटमळायचा. ठराव पास झाला की म्हणायचे मी बाजूनं होतो, पडला की म्हणायचे मी कुठे हात केला? बाकावरून आवाज यायचा, "शेटजी, हात कुठं चालला? वर का खाली?"

भाऊसाहेब टेबलावर थाप मारायचे. "प्रेक्षकांनी शांत राहावं!"

"शांतच हाय मी. दिसून नाई राह्यलं म्हनून इचारलं."

एक मत म्हणजे खडूची एक रेघ, असा त्यांचा हिशेब. कापडावर खुणा करायचा तो निळा चपटा खडू त्यांच्या कानावर असायचाच. बाजूच्या रेघा बाकाच्या डाव्या अंगाला, विरोधाच्या उजव्या. सभा संपली की चपराशी शिव्या घालत बाक पुसायचा.

एकदा कोणीतरी सूचना मांडली की भानगडीच्या विषयांवर चिठ्ठ्या टाकून गुप्त मतदान घ्यावं. सभा संपल्यावर नथ्थूजी व्हरांड्यात भाऊसाहेबांना आडवे आले. "आमी तुमाले निवडून देतो, तवा चिठ्ठी आमची अन् गुपितही आमचं. तुमी इथं आमच्या जाग्यावर बसले. तुमाले कायचं गुपित, भाऊसायेब?" ती सूचना पुन्हा आली नाही.

माझं आणि त्यांचं सुरुवातीला जमत नसे. मागच्या सभेचं प्रोसिडिंग सभेत वाचून कायम करायची पद्धत. सगळीकडे "वाचल्याचं समजण्यात यावं" म्हणतात आणि मोकळे होतात. नथ्थूजी ते चालू देत नसत. "वाचा," म्हणायचे. मी भराभरा वाचलं तर "हळू" म्हणायचे. एकदा मी इतका वैतागलो की सभा सुटल्यावर ते जाडजूड पुस्तक त्यांच्या मांडीवर आदळलं आणि म्हटलं, "घ्या. तुम्हीच वाचा. घरी न्या."

त्यांनी पुस्तक अलगद बंद केलं आणि मला परत दिलं. "मले वाचता आलं असतं, बाबूजी, त मी इथं कायले आलो असतो?"

मला फार शरम वाटली. आजही ते आठवलं की वाटते. त्यानंतर मी हळू वाचायला लागलो.

नथ्थूजींचं दुकान टाउन हॉलला लागूनच होतं, बोळीच्या तोंडाशी, पत्र्याचं, नगरपालिकेच्याच जागेवर वर्षाच्या परवान्यानं उभं. बायको लग्नानंतर चार वर्षांतच गेलेली, मूलबाळ नाही. घर होतं ते गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, पण तिथे ते फक्त झोपायला जात. सगळं जगणं त्या दुकानात. भाऊसाहेबांच्या कोटापासून चपराशाच्या पायजम्यापर्यंत सगळं तिथेच शिवलं जायचं.

आणि रोज संध्याकाळी तिथे तायडे मास्तर येऊन बसत. मास्तर खाजगी हायस्कुलात शिकवायचे आणि भीमनगर वस्तीतून नगरपालिकेवर निवडून आले होते. छप्पन साली मास्तरांच्या सगळ्या वस्तीनं बौद्ध धर्म घेतला, त्यानंतर वस्तीचं नाव भीमनगर झालं. त्या वस्तीतून टाउन हॉलच्या खुर्चीवर बसलेले ते पहिले. मास्तर दुकानातल्या स्टुलावर बसून नथ्थूजींना वर्तमानपत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवायचे, अगदी कापसाच्या भावासकट. मध्ये नथ्थूजी मशीन थांबवून प्रश्न विचारायचे. दिल्लीच्या संसदेत दार उघडं असतं का, हा प्रश्न त्यांनी निदान दहादा विचारला असेल. मास्तर दर वेळी नव्यानं समजावून सांगायचे. ऑफिस सुटल्यावर मीही कधी कधी तिथे टेकायचो. त्या दोघांइतके एकमेकांच्या संगतीत रमलेले मित्र मी फार पाहिले नाहीत.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो.

गावात नळ येणार असं ठरलं. टाकी बांधून झाली, पाइप येऊन पडले. भीमनगरच्या बायांना पाणी आणायला रेल्वे लाइनपलीकडच्या विहिरीवर जावं लागायचं, कारण गावातल्या विहिरींवर त्यांना तेव्हाही कोणी सुखानं पाणी भरू देत नसे. त्या वस्तीला नळ न्यायचा तर एकच वाट होती, टाउन हॉलजवळची बोळ. दुसऱ्या अंगाला नाला. आणि बोळीच्या तोंडाशी नथ्थूजींचं दुकान. ओव्हरसिअरनं मोजून सांगितलं की दुकान उठल्याशिवाय खणता येणार नाही.

विषय सभेपुढे आला. सभेच्या आधीच्या रविवारी भाऊसाहेबांनी मला जिनिंगमध्ये बोलावलं. तिथे नऊ-दहा मेंबर बसले होते. ठराव आधीच लिहून ठेवायचा आणि सभेत फक्त मंजूर म्हणायचं, ही तिथली जुनी रीत. मला सांगितलं, लिहा: भीमनगरची लाइन पुढील टप्प्यात घ्यावी. पुढचा टप्पा कधी, ते लिहायचं नव्हतं. भाऊसाहेब म्हणाले, "नथ्थूजीचं दुकान कसं पाडावं हो? आपला माणूस आहे." खरंच कळवळून म्हणाले. पण बाकीच्यांच्या तोंडाकडे पाहिल्यावर मला दिसलं की काहींना नथ्थूजींचं निमित्त बरं मिळालं होतं. नळ तिकडे गेला नाही तर त्यांचं काही बिघडणार नव्हतं.

"मास्तर आरडाओरडा करतील," गोपाळशेठ म्हणाले.

"सभा खाजगी घेऊ," भाऊसाहेब म्हणाले. "एकच दिवस दार लावू. नथ्थूजीसाठीच तर आहे, ते काही बोलणार नाहीत."

मी ठराव लिहिला. खोटं कशाला सांगू, मला आनंदच झाला. भीमनगरच्या विहिरीचा विचार मी केला नाही. दुकान वाचलं एवढंच डोक्यात होतं. तडक नथ्थूजींकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं.

ते काजं करत होते. सुई न थांबवता म्हणाले, "दार लावून?"

"एकच दिवस, नथ्थूजी."

"मास्तरले माहीत हाय?"

"नाही."

त्यांनी दोरा दातानं तोडला. मग म्हणाले, "बाबूजी, बंद दारात माझं भलं होऊन राह्यलं, म्हंजे बाहेर कोनाचं तरी वाईट होऊनच राह्यलं असन. नाईतर दार कायले लावतीन?" आणि परत काजं करायला लागले.

मी घरी आलो तो रागावूनच. माणसानं किती अडेलतट्टू असावं, असं मला वाटत होतं.

सभेच्या दिवशी मी हॉलमध्ये गेलो आणि दारातच थबकलो. बाकावर जागा नव्हती. भीमनगरच्या पंधरा-वीस बाया, धुतलेली लुगडी नेसून, पदर सावरून ओळीनं बसल्या होत्या. ज्यांना बाकावर जागा नव्हती त्या खाली बसल्या होत्या. नथ्थूजी सकाळी भीमनगरात दारोदार जाऊन सांगून आले होते की सभा सगळ्यांना खुली असते, कोणी अडवू शकत नाही, चारला या. स्वतः ते बाकाच्या टोकाला अर्धे बाहेर, अर्धे आत बसले होते.

भाऊसाहेबांनी घाम पुसला. विषय निघाल्यावर घसा साफ करून म्हणाले, "हा विषय खाजगी घ्यावा असं काही सभासदांचं म्हणणं आहे. प्रेक्षकांनी बाहेर जावं."

कोणी उठलं नाही. नथ्थूजी म्हणाले, "काही म्हंजे किती? हात वर करा म्हना."

पहिल्यांदाच भाऊसाहेबांनी "शांत राहावं" म्हटलं नाही. ते मेंबरांकडे पाहू लागले. मेंबर टेबलाकडे. गोपाळशेठचा हात खांद्यापर्यंत गेला, समोर बसलेल्या वीस बायांनी एकदम त्याकडे पाहिलं, आणि शेठजी कान खाजवू लागले. दार उघडंच राहिलं.

मग मूळ विषय. दुकान उठवून लाइन भीमनगरात न्यावी की नाही. माझ्याजवळचा लिहून आणलेला कागद मी वहीखाली सरकवला.

तायडे मास्तर माझ्या समोरच बसले होते. त्यांचा चेहरा मी पाहिला. समोर त्यांच्या वस्तीतल्या बाया, त्यांच्यात त्यांची आईसुद्धा. आणि त्यांच्या शेजारी नथ्थूजी. त्या माणसाला कुठे पाहावं तेच कळत नव्हतं. टेबलावर पालथे ठेवलेले त्यांचे हात पांढरे पडले होते.

नथ्थूजींनीही पाहिलं असणार. ते उठले. दाराशी गेले, इस्त्री नीट बसली आहे की नाही ते पाहिलं, आणि बाहेर निघून गेले. बारा वर्षांत मतदानाच्या आधी उठून गेलेले ते एकदाच. खिडकीतून मला ते दिसत होते. आपल्या दुकानासमोरून पुढे चालत गेले, मागे वळले नाहीत. आपण समोर असलो तर ज्याचे कपडे आपण शिवले त्याला आपल्याविरुद्ध हात वर करायला जड जाईल, म्हणून ते गेले होते.

हात वर गेले. एक, दोन, पाच, नऊ. भाऊसाहेबांनी स्वतःचा केला. गोपाळशेठचा सुद्धा कानाच्या वर गेला. मी नावं लिहीत गेलो. सोळा. सतरावं नाव तायडे मास्तरांचं. त्यांचे दोन्ही हात टेबलावरच होते. ते बाकाच्या त्या रिकाम्या टोकाकडे पाहत होते. भाऊसाहेबांनी दोनदा विचारलं, "मास्तर?" मी 'तटस्थ' लिहिलं.

संध्याकाळी मी दुकानावर गेलो. म्हटलं, "नथ्थूजी, तुम्ही गेल्यावर—"

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "नावं नका सांगू. मंजूर झालं ना? बेस झालं. मले याच गावात कपडे शिवाचे हायत, बाबूजी. कोनाचा हात वर गेला हे समजलं, त मंग त्याच हाताचं माप कसं घेऊ?"

त्या संध्याकाळी मास्तर आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. आठवडाभरात दुकान उठलं. नथ्थूजींनी पत्रे स्वतःच काढून दिले आणि मशीन घरच्या ओसरीवर नेऊन मांडली. गिऱ्हाइकं एवढ्या लांब कमीच जायची. सभेला ते येतच होते, दारात इस्त्री लावतच होते. फक्त त्या सभेच्या प्रोसिडिंगमधली नावं मी वाचायला लागलो तेव्हा उठून व्हरांड्यात गेले आणि ती संपल्यावर आत आले. पण सभा सुटली की मास्तर खाली मान घालून सगळ्यांच्या आधी निघून जात. नथ्थूजी बाकावर थोडा वेळ बसून राहत, मग जात. मास्तरांचा हात उठला नाही हे हॉलमधल्या सगळ्यांनी पाहिलं होतं, पण नथ्थूजी त्या दिवसाचा विषय कोणालाच काढू देत नसत, आणि मला तर बंदीच होती. मी मास्तरांकडे दोनदा गेलो. दोन्ही वेळा ते घरात असून भेटले नाहीत.

भीमनगरात नळ सुरू होऊन महिना झाला तेव्हा एका रविवारी सकाळी नथ्थूजी माझ्या खोलीवर आले. "चला बाबूजी, भीमनगरात जाऊन येऊ."

चौकात नळावर बाया भांडी लावून उभ्या होत्या. नथ्थूजींना पाहून त्या बाजूला झाल्या, एकीनं वाट दाखवली. मास्तर बनियनवर बाजेवर बसून वह्या तपासत होते. आम्हाला पाहिलं आणि उभे राहिले. बसा सुद्धा म्हणाले नाहीत. नथ्थूजी स्वतःच बाजेवर बसले.

"चार महिने झाले, मास्तर," ते म्हणाले. "त्या दिवशी मी पाह्यलं नाई. तुमचा हात वर गेला असन. जाच पायजे होता. त्याच्यासाठी तोंड काहून लपवता माह्यापासून?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान फिरवली.

"माझा हात वर गेला नाही, नथ्थूजी," मास्तर म्हणाले.

नथ्थूजींना ते कळायला वेळ लागला.

"सोळा हात वर गेले. भाऊसाहेबांचा गेला, शेठजीचा गेला. ज्यांना आमचं काही पडलं नाही त्यांचेही गेले. माझ्या वस्तीचा नळ, अन् माझाच हात उठला नाही. माझी आई तिथे बसली होती. नळ सुरू झाला तेव्हा लोक हार घेऊन आले, मी माळ्यावर दडून बसलो. कोणत्या तोंडानं तुमच्याकडे येऊ?"

नथ्थूजी बाजेवरून उठले. मी त्यांना इतकं रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"काहून? काहून नाई उठला? मी कोनासाठी उठून गेलो होतो, मास्तर? निवडून आले त्या पह्यल्या वर्षी तुमी हात वर करता करता खाली घ्याचे. बगलेत सदरा काचाचा, अन् तुमी लाजाचे. मी पाह्यलं होतं. तवापासून तुमच्या प्रत्येक सदऱ्याले मी बगलेत दोन बोटं जादा कापड घालत आलो. तुमाले सांगतलं नाई कधी. मास्तरचा हात कुठं अडू नये म्हनून. त्या दिवशीही अंगात तोच सदरा होता!"

मास्तर रडू लागले. मोठा माणूस, मुलांना शिकवणारा, उभ्यानं रडू लागला. नथ्थूजी हळूहळू खाली बसले. आवाज एकदम गेला त्यांचा.

"मले वाटलं तुमचा हात वर गेला म्हनून तुमी येत नाई," ते म्हणाले. "एकटा होतो मी, मास्तर. घरी बोलाले कोन हाय मले? पन मनातून खूश होतो."

मग नथ्थूजींनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं आणि आतल्या दाराकडे पाहून म्हणाले, "वहिनी, पानी पाजता का नाई?"

त्यांच्या आळीतल्या कोणी भीमनगरात पाणी प्यायलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. मास्तरांची बायको दारात घोटाळली. मग तिनं तांब्या घासला, चौकातल्या नळावर जाऊन भरून आणला आणि त्यांच्यापुढे धरला. नथ्थूजींनी सगळा तांब्या एका दमात रिकामा केला.

"थंडं हाय," ते म्हणाले. "उद्या या, मास्तर. जरा लवकर या."